दारफाळणीची बदली

इस्राएल लोक, म्हणजे आपल्याकडचे यहुदी, माणसं मोजत नाहीत. बोट दाखवून एक, दोन, तीन म्हणत नाहीत. म्हणे त्यानं नजर लागते, आयुष्य उणं होतं. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आलं. माझी उभी हयात गिरणीच्या हजेरीखिडकीत गेली. रोज पहाटे अकराशे माणसं मोजून आत घ्यायचो, आणि त्यातलं एकही माझ्या मोजण्यानं मेलं नाही. मेली ती कापसाच्या तुसानं.

पण मोजल्याशिवाय त्यांचंही भागत नाही. प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. नऊ असले तर अर्धीअधिक प्रार्थना तोंडातच राहते. मग त्यांनी तोड काढलेली. त्यांच्या इब्री भाषेत दहा शब्दांचं एक वचन आहे. म्होरक्या एकेकाकडे बघत एकेक शब्द सोडतो. शब्द संपले की माणसं भरली. शब्द उरला तर वाट बघत बसायचं.

शुक्रवार पेठेत आम्ही तळमजल्यावर भाड्यानं राहत होतो आणि वरच्या माडीवर त्यांचा शनवारचा मेळा भरत असे. शनवारी त्यांनी दिवा-विस्तव शिवायचा नाही, म्हणून दिवा लावायला मी, वेणीमाधव, जिन्याच्या वरच्या पायरीवर हजर. आमच्या गोदावरीला हे पसंत नव्हतं. "एकशे आठ गायत्री आटोपून तुम्ही त्यांच्या काड्या ओढायला जाता," असं ती म्हणायची. मी म्हणायचो, माणसं बघायला मिळतात. तिचं उत्तर असे की गिरणीतली अकराशे पुरत नाहीत का.

त्या दहांतले तिघं सांगितले तरी पुरे. म्होरके हसकेल झिराडकर, आमच्याच गिरणीच्या स्टोअरचे मुख्य. साठी उलटलेली, टोपी कायम ताठ, आणि खोकला आला तरी परवानगी मागून आल्यासारखा. दुसरे पेझारकर मास्तर, रेल्वेच्या शाळेत इंग्रजी शिकवणारे, नेहमी दुखावलेल्या चेहऱ्याचे. तिसरा एलोजी तळकर. हा विणकर खात्यातला जॉबर. जन्म इथल्याच चाळीत, बोलीही इथलीच. मागावरचा माणूस आला नाही की त्याच्या जागी बदली उभा करायचा, हे त्याचं मुख्य काम. बदली आला की मी त्याच्या हातातला पितळी बिल्ला बघायचो आणि हजेरी मांडायचो. तोंड कशाला बघायचं? माग चालल्याशी मतलब.

माडीवर एलोजी दहावा. दहावा शब्द नेहमी त्याच्यावर पडे, कारण त्याचा बाक दाराआड, चपलांच्या शेजारी. बाकीचे नऊ गोरे इस्राएल आणि हा काळा इस्राएल. यात रंगाचा काही संबंध नाही. हसकेलसाहेब माझ्यापेक्षा दोन हात काळे होते. काळे म्हणजे ज्यांच्या वंशात कधीतरी बाहेरची बाई आली ते. त्यांनी धर्मग्रंथाला हात लावायचा नाही. मनुकांच्या सरबताचा पेला सगळ्यांत फिरला की मग त्यांच्या वेगळ्या वाटीत ओतायचं. मी यावर कुणाला बोलणार? एलोजी आमच्या ओसरीवर आला की त्याचा चहा कानतुटक्या कपात यायचा, आणि तो कप कोनाड्यात पालथा असायचा.

चौतीस सालच्या श्रावणात पेझारकर मास्तरांनी अमेरिकन मिशनच्या वाचनालयातून एक जाडजूड पुस्तक आणलं. अमेरिकेत पहिल्यांदा गेलेल्या ज्यूंचा इतिहास. दुपारची प्रार्थना झाली की ते त्यातलं मराठी करून सांगत. सुरुवातीचे दोन शनवार सगळे खूष. स्पेन-पोर्तुगालात जिवंत जाळत होते तिथून आपले लोक कसे निसटले, समुद्र कसा ओलांडला, कुठे कुठे वसले. हसकेलसाहेबांनी तर मान ताठ ठेवून डोळे पुसले.

तिसऱ्या शनवारी मास्तर अडखळायला लागले.

"सुरिनाम म्हणून मुलूख आहे. तिथे नदीकाठी आपल्या लोकांनी उसाचे मळे घातले. मळ्यावर राबायला... आफ्रिकेतून आणलेले हबशी गुलाम."

"पुढे?" हसकेलसाहेब म्हणाले.

"उत्तरेच्या बंदरांतही. न्यूपोर्ट, चार्ल्स्टन. काहींच्या घरी गुलाम होते. एखाद्याचा गुलामांच्या जहाजात वाटा. बाकीच्या गोऱ्यांच्या मानानं हे मूठभर, साहेब. जहाजं त्यांची, बाजार त्यांचा, कायदा त्यांचा."

"मूठभर तर वाचता कशाला?"

"मूठभर म्हणजे शून्य नव्हे," मास्तर म्हणाले. "वल्हांडणाच्या सणाला जेवताना आपण दर वर्षी म्हणतो की नाही, आम्ही मिसरात गुलाम होतो? ते लोकही म्हणत असतील. आणि जेवण वाढायला मागे कोण उभं असेल?"

मास्तरांनी पान उलटलं. गुलाम बायांच्या पोटी त्या मळेवाल्यांना मुलं झाली. काहींची सुंता झाली, इब्री नावं मिळाली, ती प्रार्थना शिकली. मग पंचांनी ठराव केला की अशांनी सुतक्यांच्या बाकावर बसावं, आणि कुठलाही मान मागू नये. त्यांचा पुढारी मेला तेव्हा त्याला दलदलीत जागा दिली. खड्डाही नीट खणू दिला नाही.

"छे छे छे," असं नऊजणांनी केलं. कुणी म्हणालं, काय ही माणसं. कुणी म्हणालं, देव बघतो. मागे वळून मात्र कुणी बघितलं नाही. जिन्यावरून मला तो बाक सरळ दिसत होता.

"मास्तर," बाकावरून एलोजी म्हणाला, "दहा भरत न्हवते तवा त्यास्नी धरत व्हते का?"

मास्तरांनी पानं चाळली. "ते यात दिलेलं नाही."

"एलोजी, तुझा काय संबंध?" हसकेलसाहेब हसून म्हणाले. "त्यांच्या आया गुलाम. तुझी पणजी कोकणातली साधी कुणबीण होती."

"व्हय. बाक मातर त्योच," एलोजी म्हणाला.

कुणबीण. साहेबांनी शब्द सहज टाकला. कुणब्याची बाई, एवढाच त्यांच्या मनात अर्थ. पण पेशवाईच्या कागदांत कुणबीण म्हणजे काय ते मला ठाऊक होतं, आणि मास्तरांच्या चेहऱ्यावरून त्यांनाही. विकत घेतलेली बाई. आमच्या आजोळच्या दप्तरात एक आहे, दोन म्हशींच्या ओळीखाली, नावाशिवाय. मास्तरांनी पुस्तक मिटलं. मी दिवा लावला आणि खाली गेलो.

एलोजीची बायको रिबका तेव्हा अंथरुणाला खिळलेली होती. तीही गिरणीतलीच, रिळं भरणारी. छातीत तूस बसलेलं. भाद्रपद लागला तेव्हा डॉक्टरनं चार-आठ दिवस सांगितले. त्या शनवारी प्रार्थना सुटल्यावर एलोजीनं जिन्याच्या तोंडाशी साहेबांना अडवलं.

"साहेब, एक मागणं हाय. रिबकाला वरच्या अंगाला जागा द्या. मुरमाची."

मोहोळच्या रस्त्याला, रुळांपलीकडे, त्यांचं कबरस्तान होतं. वरचा अर्धा भाग उंच, मुरमाड. खालचा ओढ्याला लागून. कागद साहेबांच्या पेटीत.

"ती जिवंत आहे अजून. अभद्र कशाला बोलतोस?"

"जिती हाय तवरच बोलाय पायजे. तीच इचारती रोज. मला पान्यात ठिवू नगा म्हनती."

"काळ्यांची जागा ओढ्याकडे. ठरलेलं आहे."

"पोराला तितंच ठिवला व्हता की. दुसऱ्या पावसाळ्यात वडा आला अन् मातीसकट घिऊन ग्येला. मी तीन दिस काठानं हिंडत व्हतो साहेब. तुमाला ठावं हाय."

"पंचांचा ठराव आहे, एलोजी."

"पंच म्हंजे तुमीच की."

मागे दोघं हसले आणि लगेच हसायचे थांबले. पेझारकर मास्तर चप्पल शोधत राहिले. ती त्यांच्या पायातच होती.

"दारफाळणी होऊन जाऊ दे," साहेब म्हणाले. "देव त्या दिवशी निवाडा लिहितो. मग बघू. आणि वेळेवर ये. तुझ्यावाचून दहा होत नाहीत."

"व्हय," एलोजी म्हणाला. "त्ये ठावं हाय मला."

हा माणूस दहा वर्षं माझ्या खिडकीशी रोज बोलत होता. इतक्या हळू आवाजात बोललेला मी त्याला ऐकला नव्हता.

दारफाळणी हा त्यांचा सर्वांत मोठा उपास. पहाटे पांढरे कपडे घालून आत शिरायचं आणि दार लावायचं. ते चांदणी दिसेपर्यंत उघडायचं नाही. दिवसभर पापांची कबुली. एकमेकांना शिवायचंही नाही. गावातले सगळे इस्राएल त्या दिवशी दाराआड. बाहेर आभाळ कोसळलं तरी त्यांना खबर नाही. त्या वर्षी तो दिवस आमच्या एकादशीला आला. गिरणीतून मी रजा काढली होती.

पहाटे दार वाजलं. एलोजी. खांद्यावर पांढरं धुवट उपरणं, पण अंगावर कामाचे कपडे.

"देवा, आज बदली पायजे."

"गिरणीत? मी रजेवर आहे, खिडकीत दुसरा—"

"वर पायजे. माझ्या जाग्यावर." त्यानं उपरणं पुढे केलं. "रिबकाला सोडून जाता येत न्हाई. आन् ग्येलो न्हाई तर नऊच. तासाभरात मानूस धाडतील घरला."

"डोकं फिरलंय का तुझं? मला ओळखतील."

"कोन? पंदरा वर्सं बसतोय त्या बाकावर. इचारा त्यास्नी, एलोजीचा डावा डोळा तिरपा हाय का उजवा."

मी त्याच्या डोळ्यांकडे बघितलं. एकही तिरपा नव्हता. हे ठरवायला मला बघावं लागलं, ही गोष्ट त्याच्याही ध्यानात आली. तो हसला नाही.

"ती कशी आहे?" मी विचारलं.

"निजलीय."

उपरणं घेतलं. का घेतलं हे मी आजवर गोदावरीला पटवू शकलेलो नाही. ती एवढंच म्हणाली, "उपास नाहीतरी आहेच. कुठेही बसून करा."

डोक्यावरून उपरणं ओढून मी दाराआडच्या बाकावर बसलो तेव्हा माडीवर एकच समई होती. माणसं येत गेली, चपला माझ्या पायाशी पडत गेल्या. एकानं काठी माझ्या अंगाला टेकवून ठेवली, खुंटीला ठेवावी तशी. हसकेलसाहेबांनी दार लावलं, अडसर घातला आणि वळून वचन म्हणायला सुरुवात केली. एकेका तोंडावर एकेक शब्द. नऊ झाले. दहावा त्यांनी बाकाकडे टाकला. बाकाकडे म्हणतो, माझ्याकडे नाही. नजर माझ्या गुडघ्यापर्यंत आली आणि परत गेली. माणसं भरली.

माझ्या धंद्यात मी हेच करत आलो होतो, हे त्या बाकावर बसून कळायला फार वेळ लागला नाही.

ते उठले की मी उठत होतो, बसले की बसत होतो. पापांची यादी आली. साहेब इब्रीत म्हणत, बाकीचे छातीवर मूठ मारत, आणि मास्तर हळूच मराठीत: आम्ही मान ताठ केली. आम्ही तोंड फिरवलं. आम्ही ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मीही मारून घेतल्या, बदलीचं काम चोख करावं म्हणून.

दुपारी आभाळ भरून आलं. माडीत आणखी अंधार झाला. खाली गल्लीतून हाक आली. आवाज मी ओळखला: विणकर खात्यातला निंगप्पा, अक्कलकोटकडचा.

"अव्वा, कुदळ हाय काय? आन् घमेलं?"

"आज एकादशीला कसली रे खणाखणी?" गोदावरी.

"जॉबरनी सांगितलंय. आमी चौघं हाव. सांजच्या आत करायचं म्हणला. शेजारच्या फुलाबाईनी न्हाऊ घालून तयार ठिवलंय."

शेवटचे शब्द त्यानं आवाज उतरवून म्हटले, पण माडीची खिडकी नेमकी ओसरीवर. रिबका निजलेली नव्हती. पहाटे तो माझ्या दारात उभा होता तेव्हाच ती गेलेली होती. आणि तो आता कुठे खणणार हे सांगायला ज्योतिषी नको होता. सगळा समाज अडसराआड, चांदणी निघेपर्यंत. वर्षातला असा एकच दिवस.

हसकेलसाहेब वाचता वाचता थांबले. कान खिडकीकडे. कुदळ आणि घमेलं त्यांनीही ऐकलं असणार. त्यांनी मान उचलली, आणि या खेपेला नजर बाकापर्यंत येऊन थांबली. मी उपरणं आणखी पुढे ओढलं. बाकावर माणूस होता. म्हणजे एलोजी इथेच होता. ते पुन्हा वाचायला लागले.

उपरणं काढून उभं राहिलो असतो तर अडसर निघाला असता. सगळे रुळांपलीकडे धावत गेले असते. हिशेब सोपा होता. मी बसून राहिलो. पहिली सर छपरावर वाजली तेव्हा ओढ्याचा विचार करणारा त्या खोलीत मी एकटाच होतो.

सांजेला चांदणी दिसायचा प्रश्नच नव्हता. साहेबांनी घड्याळावर भागवलं. उपास सुटल्याचं शिंग वाजलं, समई मोठी केली. सगळे थकलेले, हलके, एकमेकांना क्षमा करत फिरत होते. मास्तरांनी पेल्यात सरबत ओतलं. साहेबांनी हात पुढे केला, पण मास्तर पेला घेऊन तिथून निघाले आणि थेट दाराशी आले.

"एलोजी, आज तू आधी घे. यातूनच."

"मास्तर!" साहेब म्हणाले.

"ते पुस्तक मी वाचून बसलोय, साहेब. आता न वाचल्यासारखं करता येत नाही." पेला अजून पुढेच. "घे, एलोजी. मला माफ कर."

पेला माझ्या तोंडापुढे. आणि सांगायला लाज वाटते, पण हात जाईना. तिकडे त्यांची शिवाशिव, इकडे माझी. मी मागे सरलो, उपरणं घसरलं.

"वेणीमाधव?" मास्तर म्हणाले.

पेला कुणी सोडला ते आठवत नाही. साहेबांचे ओठ हलले. दिवसभराचं त्यांनी एका क्षणात उलटं मोजलं. "नऊ," ते म्हणाले. "सकाळपासून नऊ." माणसांना आकडा लावलेला मी त्यांच्या तोंडून एवढाच ऐकला. मग ओरडले, "एलोजी कुठाय?"

"मुरमावर," मी म्हणालो. "रिबका गेली."

ते पावसातच निघाले, पांढऱ्या कपड्यांत, अनवाणी. मीही मागोमाग. रूळ ओलांडले तेव्हा अंधारलं होतं, पण वरच्या अंगाला दोन कंदील होते. ओढा खालच्या अंगाला पसरलेला, आवाज करत. कंदिलांपाशी निंगप्पा आणि तिघं कुदळी टेकून उभे. एलोजी गुडघ्यावर बसून ताज्या मातीवर दगड लावत होता.

जागा बघून साहेब जागच्या जागी थांबले. त्यांच्या वडिलांच्या कबरीशेजारी चार कोपऱ्यांना चुना मारलेले दगड रोवून एक जागा राखलेली होती. कुणासाठी, ते सगळ्यांना माहीत होतं. दगड चारही तसेच होते. मधली माती नवी होती.

"उकरा," साहेब म्हणाले.

"उकरता येत नाही, साहेब," मास्तर म्हणाले. "एकदा ठेवलेलं माणूस..."

"दारफाळणीला माती देता येते का मग?"

"त्ये माज्या अंगावर घेतलंय," एलोजी उठत म्हणाला. "द्यावाला काय सांगायचं त्ये मी सांगंन."

"ती माझी जागा होती, एलोजी."

"खाली मोकळी हाय की, साहेब. लई मोकळी."

खाली काठाचा एक तुकडा पाण्यात गेला, म्हैस डोहात उतरावी तसा आवाज करून. साहेबांना खोकला आला. या खेपेला परवानगी न मागता आला, आणि बराच वेळ थांबला नाही. तोंड पुसून त्यांनी भोवती बघितलं. मयताच्या प्रार्थनेलाही दहाच लागतात. एकेका तोंडावर नजर थांबत होती, ओठ नकळत हलत होते. निंगप्पाला गाळलं, मला गाळलं. शेवटची नजर एलोजीवर गेली आणि तिथे अडकली. पंधरा वर्षांत पहिल्यांदा ते त्याचं तोंड बघत असावेत. कधीतरी, फार उशिरानं नव्हे, साहेबांसाठीही कुणी तरी असेच शब्द मोजणार होतं, आणि त्यांना ते कळलं होतं.

"तिच्या बापाचं नाव?" साहेबांनी विचारलं.

"शलोमो."

साहेबांनी टोपी सारखी केली आणि मयताची प्रार्थना सुरू केली. आवाज पावसात विरत होता. मास्तर रडत होते. दर ठरलेल्या जागी साहेब थांबत आणि बाकीचे म्हणत, आमेन.

सवय जात नाही. मी मोजले. साहेब सोडून नऊ इस्राएल तिथे उभे होते. आमेन आठच आले.

साहेबही थांबून ऐकत होते. पुढच्या जागी ते जरा जास्त थांबले. तेव्हाही आठच. एलोजी कबरीच्या डोक्याशी हात बांधून उभा होता, डोळे साहेबांवर, ओठ मिटलेले.